कवठी चाफ्याचा जामीन

या ग्रुपवरचे अनुभव मी तीन वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वैतागूनच वाचतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... मी फौजेत चोवीस वर्षं गाड्यांची इंजिनं उघडली आहेत. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतंच, आणि ते सापडत नसेल तर शोधणारा आळशी आहे, हे मी हाताखालच्या जवानांना सांगत आलो. भूत, करणी, देवचार – सगळ्यावर माझं एकच उत्तर असायचं, आधी वायरिंग तपासा. त्यामुळे हे लिहायला बसताना माझीच मला लाज वाटतेय. बायको, विद्या, म्हणाली, "लिहून टाका एकदाचं. नाहीतर मलाच रोज सांगत बसाल."

आम्ही मूळचे कुडाळजवळचे. शेवटचं पोस्टिंग जयपूरचं होतं, रिटायर झालो आणि इथेच राहिलो. विद्याधर नगरात कोपऱ्यावरचं घर, गेटच्या डाव्या हाताला चौदा फूट बाय नऊ फूट जागा. तिला आम्ही बाग म्हणतो. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मी आईला गावाहून इथे घेऊन आलो. ती आली, चहा प्यायली, बागेत एक फेरी मारली – बोगनवेल, कण्हेर, दोन गुलाब – आणि मला विचारलं, "कवठी चाफो खंय आसा?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कवठी चाफा म्हणजे सोनचाफ्याच्या घराण्यातलं झुडूप. फार वाढत नाही, पुरुषभर उंची. पानं गडद हिरवी, कळी पांढरी, गुबगुबीत, लहानशा अंड्याएवढी, खाली मान घालून असलेली. संध्याकाळी उमलते आणि पिकल्या फळासारखा असा वास सोडते की अंगणात पाय ठेवणारा थबकतो. सकाळपर्यंत पाकळ्या खाली. आमच्या वाडीत न्हाणीघराच्या सांडपाण्यावर तो असाच वाढतो, कुणी ढुंकूनही बघत नाही. आई रोज दुपारी एक कळी खुडून ओल्या पानात ठेवायची आणि दिवेलागणीला अंबाड्यात खोचायची.

आता हे झाड जयपुरात लावायचं! मी ठरवलं होतं, आईचा हट्ट म्हणजे ऑर्डर. पहिल्या नर्सरीवाल्याने 'चंपा' म्हणून जे दिलं तो निघाला देवचाफा. दुसऱ्यानेही तोच दिला, वर शपथ घेऊन. मग मी गावाहून गुटी कलम आणलं, दीड दिवस ट्रेनमध्ये मांडीवर धरून. ते मे महिन्याच्या लूने, इथल्या तापल्या वाऱ्याने, आठ दिवसांत भाजलं. दुसरं आणलं, ते जानेवारीच्या थंडीत काळं पडलं. तिसऱ्याच्या वेळी शेजारचे शेखावतजी, आमच्या गल्लीतले उंटावरचे शहाणे, म्हणाले, "सूबेदार साहब, आरओ का जो पानी निकल जाता है ना, वो डालिए, बेकार क्यों जाए." मी घातलं. पिण्याच्या पाण्यातून गाळून काढलेले सगळे क्षार ज्यात येतात, तेच पाणी मी अडीच महिने त्या रोपाच्या मुळाशी ओतत होतो. मी, ज्याने रेडिएटरमध्ये खारं पाणी घातलं म्हणून लोकांना झापलंय. तिसरंही गेलं.

चौथं जगलं. जमीन दोन फूट खोदून सगळी माती बदलली, पालापाचोळ्याचं खत घातलं, वर हिरवी जाळी बांधली, पाणी फक्त एसीच्या नळीतून ठिबकणारं. चार वर्षं ते झाड जगलं, माझ्या खांद्याएवढं झालं... आणि एक कळी म्हणून नाही. पानांच्या कडा करपलेल्या, उभं आपलं ढिम्म. आई रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायची. मी चिडलो की म्हणायची, "रव रे वायच. तेका घाई नाय."

गेल्या दिवाळीनंतर आईला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय महिन्या-दोन महिन्यांत बरेच सुधारले, पण बोलणं पूर्ण गेलं. डॉक्टर म्हणाले, तिला समजतं बहुतेक सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. टोंक रोडच्या एका क्लिनिकमध्ये आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी सुरू केली. तिथल्या मॅडम अतिशय चांगल्या, पण त्या हिंदी बोलणार आणि आईचा जन्म मालवणीत गेलेला. म्हणून घरी मी चित्रांची कार्डं बनवली. कप, चावी, फणी, नारळ. रोज सकाळी अर्धा तास. "आये, ह्या काय?" ती कार्डाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. तोंड उघडायची आणि मिटायची. आठ महिने. एक शब्द नाही. माझं नावसुद्धा नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मी काही शांत स्वभावाचा माणूस नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

मॅडमनी एकदा सहज सांगितलं, "बचपन की कोई खुशबू हो तो सुँघाइए, कभी-कभी उससे बात निकल आती है." झालं. त्या दिवसापासून ते झाड माझ्या डोक्यात बसलं. त्याला फूल आलं की आई बोलेल, असं मी धरूनच चाललो. गावाहून कुरियरने फुलं मागवली, ती काळी चिकट होऊन आली. शहरातून चंप्याचं अत्तर आणलं, त्याने आईला सलग अकरा शिंका आल्या. फूल हवं होतं ते ताजं, आणि ताज्या फुलाचं झाड माझ्या दारात चार वर्षं फुकट पाणी पीत उभं होतं.

जूनचा शेवट, शुक्रवार. एरवी क्लिनिकला आईला मीच नेतो, पण त्या दिवशी सकाळी घरात माझी चिडचिड झाली होती, म्हणून विद्या तिला कॅबने घेऊन गेली. प्लंबर येणार आहे असं मी सांगितलं. प्लंबर वगैरे कुणी येणार नव्हता. साडेअकराच्या उन्हात मी बागेत आलो. एसीच्या पाण्याची बादली झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि करपलेली पानं बघून माझं डोकं फिरलं.

तेव्हा मला बाबांची आठवण झाली. आमच्या वाडीत फणस धरत नसला की पावसाच्या तोंडावर बाबा कोयता घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे. कोयत्याचं पातं खोडाला लावून दरडावून विचारायचे, "धरतंस काय तोडू?" तेवढ्यात आईने मागल्या दारातून यायचं आणि म्हणायचं, तोडू नको, याला मी जामीन आहे, यंदा धरेल. मग बाबा सालीवर एक हलका घाव घालून कोयता खाली ठेवायचे. हे अगदी गंभीर चेहऱ्याने चालायचं. मी शाळेत विज्ञान शिकायला लागल्यावर या प्रकाराला हसायचो.

नारळ सोलायचा गावचा कोयता घरात होताच. मी तो आणला, चाफ्याच्या बुंध्याला लावला आणि विचारलं, "फुलतंस काय तोडू?"

आता यात मूर्खपणा काय, तर हे काम दोघांचं असतं. दरडावणारा एक आणि जामीन राहणारा दुसरा. मी एकटाच. उत्तर द्यायला मागे कुणी नाही. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. गल्लीतून भाजीचा गाडा चालला होता, तो भैयासुद्धा थांबून बघायला लागला. मला वाटलं, चार वर्षं, तीन मेलेली रोपं, आठ महिन्यांची कार्डं... सगळं जग माझ्यासमोर तोंड मिटून उभं आहे. मी घाव घातला. साल उडाली, आतलं पांढरं दिसलं. आणि मग ते नाटक राहिलं नाही. मी दुसरा घाव घालायला हात पूर्ण वर नेला, त्या घावाने झाड आडवंच होणार होतं.

खिशात फोन वाजला. विद्या होती, रडत होती.

"अहो, आई बोलल्या."

माझ्या हातातून कोयता खाली पडला. "काय बोलली? माझं नाव घेतलं?"

"नाही हो. तुमच्या गावचं काहीतरी... 'तोडू नको रे. हेका मी जामीन आसंय. औंदा फुलतलो.' असंच म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. अगदी स्पष्ट. जामीन कशाचा हो? गावाकडे काही कोर्टाचं चालू आहे का?"

विद्या अकोल्याची. आमच्याकडची ही रीत तिला माहीत असायचं कारण नाही, मी तिला कधी सांगितलीच नव्हती. कोयता काढायचं मला सुचलं तेच त्या दोघी गेल्यावर. मी ओल्या मातीत बसलो.

पण नंतर माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. मॅडम प्रगती बघायला प्रत्येक सेशनचा व्हिडिओ काढतात. तो मी मागून घेतला. आई टेबलाशी बसलीय, समोर फणीचं कार्ड. मॅडम विचारतायत, "माँजी, ये क्या है?" आई कार्डाकडे बघतच नाही. भिंतीकडे बघते, उजवा हात वर करते, कुणाला तरी अडवल्यासारखा, आणि बोलते. तिचाच आवाज, तिचीच धार. व्हिडिओवर वेळ अकरा एकेचाळीस. आमच्या पोर्चच्या कॅमेऱ्यात मी पहिला घाव घालतोय ती वेळ अकरा चव्वेचाळीस. कॅमेऱ्याचं घड्याळ तपासलं तर दोन-तीन मिनिटं पुढे निघालं. म्हणजे सेकंदाचा हिशेब मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मधे अकरा किलोमीटरचं शहर आहे, आणि घरातून क्लिनिकमध्ये कुणी फोन केलेला नाही. फोनचं रेकॉर्डही बघितलं.

मॅडम म्हणाल्या, असं होतं कधीकधी. पाठ झालेली जुनी वाक्यं, आरत्या, शिव्या, अचानक बाहेर पडतात. बरं, हे मी मानतो. पण पाठ झालेल्या हजार वाक्यांतून नेमकं हेच, नेमकं तेव्हाच? आणि आई ते वाक्य फणसाला म्हणायची 'धरतलो' असं. इथे ती 'फुलतलो' म्हणाली.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला बिलकुल आवडत नाही. पुढच्या मंगळवारी आई क्लिनिकमध्ये असताना मी बरोबर त्याच वेळी पुन्हा कोयता उगारला. विद्या तिकडे व्हिडिओ कॉलवर. काही नाही. शुक्रवारी पुन्हा. काही नाही. मग एक दिवस आईलाच खुर्चीत बसवून, तिच्या डोळ्यांसमोर झाडाला कोयता लावला. "फुलतंस काय तोडू?" आईने कोयत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हाताने खूण करून चहा मागितला. शेखावतजी भिंतीवरून म्हणाले, "सूबेदार साहब, इस बेचारे ने क्या बिगाड़ा है आपका?" त्या रात्री मी आईला विचारलंच, "झाडासाठी बोल्लंस, माझ्यासाठी एक शब्द नाय?" तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला तो हात नको होता, शब्द हवा होता. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल, आणि तोही झटका आलेल्या आईचा.

ऑगस्टमध्ये चाफ्याला कळी आली. थांबा, याला मी अमानवीय म्हणणार नाही. पाऊस चांगला झाला होता, हवेत ओल होती, आणि सालीला जखम झाली की झाडं कधीकधी फुलावर येतात हे कुठलाही माळी सांगेल. तेवढं माझं मीच सोडवलंय.

कळी उमलायच्या दिवशी मी दुपारपासून बागेत होतो. सहाच्या सुमारास ती सुटली. तो वास... चार वर्षांनी, नव्हे, पस्तीस वर्षांनी. मी फूल घेऊन आईपाशी गेलो, तिच्या नाकाशी धरलं आणि म्हटलं, "आये, घे. बोल आता."

तिने तोंड फिरवलं.

मला वाटलं दिसलं नसेल. दुसऱ्या बाजूने गेलो. तिने माझं मनगट धरलं आणि ढकललं, विद्याच्या दिशेने. तीन वेळा मी फूल पुढे केलं, तीन वेळा तिने ते विद्याकडे ढकललं. डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. वाससुद्धा घेईना. शेवटी विद्याने ते फूल स्वतःच्या केसांत खोचलं तेव्हा आई शांत झाली. मी हात टेकले. या एका फुलासाठी मी चार वर्षं घासली होती. बाहेर जाऊन मी कुडाळला मावशीला, आईच्या धाकट्या बहिणीला, फोन लावला आणि मन मोकळं केलं. कोयता, क्लिनिक, फूल, सगळं सांगितलं.

मावशी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "जामीन रवलेल्यान पयला फूल घेवचा नसता, रे. फळ आसूंदे, फूल आसूंदे, पयला दुसऱ्याक देवचा. तुका ठावक नाय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. फणसाचा पहिला गरा आई कधी खात नसे हे आता आठवतं, पण तिला आवडत नसेल असं मी समजत होतो.

म्हणजे बघा. पाठ झालेलं वाक्य तोंडातून निसटलं असेल, हे मी एकवेळ धरतो. पण निसटलेलं वाक्य दीड महिन्यांनी आपला नेम पाळत नाही. आपण कुणाला, कशासाठी जामीन राहिलो, हे आईला पक्कं माहीत होतं. टोंक रोडच्या त्या बंद खोलीत बसून तिला ते कसं कळलं? मी वायरिंग सगळं तपासलं. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणा, मीही दिवसा तेच म्हणतो. दुसरं फूल नऊ दिवसांनी आलं. ते तिने लगेच घेतलं, छातीशी धरून बसली, पाकळ्या गळेपर्यंत. बोलली मात्र नाही.

एक गोष्ट मी वर नीट सांगितली नाही. त्या शुक्रवारी सकाळी चिडचिड झाली असं लिहून मी पुढे सरकलो. झालं होतं असं. कार्डं दाखवत होतो, आईने ती हाताने खाली लोटली. आणि मी तिला तोंडावर म्हणालो, "आता बस झाला. ह्या म्हयन्यात एक शब्द बोल्लंस नाय, तर तुका केअर होमात नेवन ठेवतंय." अजमेर रोडच्या एका केअर होमचा नंबर मी घेऊनच ठेवला होता, फोन काढून तिला तो दाखवलासुद्धा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला सगळं समजतं. विद्या आतमध्ये आईचा डबा भरत होती. मधे पडून तिच्या वतीने बोलणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

मावशीच्या फोननंतर मी तो नंबर काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डं न घेता आईसमोर बसलो. विद्याला बोलावून घेतलं, कारण हे काम एकट्याचं नसतं. आणि मोठ्याने म्हटलं, "हिका मी जामीन आसंय."

आईने ऐकलं. अजून ती बोललेली नाही, बोलेल की नाही कुणी सांगू शकत नाही. पुढचं 'औंदा बोलतली' मी म्हटलं नाही.